एका सळईचे वीस तुकडे

जळणं म्हणजे काय ते मला विचारा. सकाळी उठलो की पहिला विचार त्याचा आणि कंपनीचा भोंगा झाला की शेवटचा विचार पण त्याचाच. एकदा बायको भाकरी वाढता वाढता म्हणाली, "रोज त्याचंच चाललेलं असतं तुमचं. लग्न त्याच्याशीच करायचं होतं की!" मी ताटावरून उठलो. बाई खरं बोलली होती, म्हणून जास्तच राग आला.

हा 'तो' म्हणजे आमच्या लॅबमधला दुसरा माणूस. लॅबमध्ये आम्ही दोघंच. मी सहा वर्षं आधी लागलेलो, तो मागाहून आलेला. औरंगाबाद तेव्हा नुसतं फुगत होतं. चिकलठाण्याला कंपन्या झाल्या, वाळूजला माळावर शेड उठायला लागल्या, आणि आमच्यासारखी खेड्यातली पोरं डबा घेऊन शहरात आली. मी कन्नडकडचा. घरी जमीन, ऊस, विहीर, सगळं होतं, पण तीन भावांत ते किती पुरणार? बारावी सायन्स कशीबशी काढली आणि चुलत्याच्या ओळखीनं चिकटलो.

आमची कंपनी पोलादाच्या सळया भट्टीत तापवून कडक करायची आणि गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवायची. लॅबचं काम मोडायचं. सळईचा वीतभर तुकडा घ्यायचा, लेथवर मापात उतरवायचा, मशीनच्या जबड्यात दोन्हीकडून पकडायचा आणि वॉल्व्ह फिरवून ताण द्यायचा. काटा चढत जातो, तुकडा ताणला जातो, मध्ये बारीक होतो आणि फाटकन तुटतो. किती ताणाला तुटला ते काट्यावर वाचायचं. मग दोन्ही अर्धे परत जुळवून धरायचे आणि आधी मारलेल्या दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजायचं, म्हणजे तुटायच्या आधी तो किती लांबला ते कळतं. दोन आकडे रजिस्टरला लिहायचे. झालं.

ह्या कामात एक गोम आहे. कापड मोजलं आणि संशय आला तर परत मोजता येतं. धान्य परत तोलता येतं. आमचा तुकडा एकदा तुटला की गेला. आकडा चुकला का बरोबर, हे बघायला तोच तुकडा परत मिळत नाही. त्यामुळं सहा वर्षं मी जे लिहिलं ते खरं. कुणी मला खोटं पाडूच शकत नव्हतं. लई सुखात होतो मी.

मग हा आला. बी.एस्सी. झालेला, काळासावळा, किडकिडीत, शर्टाची वरची गुंडी लावलेली. विद्यापीठाच्या बाजूच्या वस्तीत राहायचा. बाप हमाली करायचा. सायकलवरून यायचा आणि माझ्या आधी येऊन बसलेला असायचा. मला "दादा" म्हणायचा. त्याचं दादा म्हणणं पण मला टोचायचं, कारण त्यात खोट काढता यायची नाही.

त्याचा हात बघवायचा नाही मला. इतका चांगला होता. तुकडा तुटला की मी दोन्ही अर्धे उचलून एकमेकांवर दाबायचो, मोजायचो, लिहायचो. हा आधी तुटलेली दोन्ही तोंडं फुंकून साफ करायचा, मग एक अर्धा स्थिर धरून दुसरा हळूहळू फिरवायचा, कंगोऱ्यात कंगोरा बसेपर्यंत. बसला की श्वास धरून व्हर्निअर लावायचा. वॉल्व्ह तर असा फिरवायचा की काटा चढतोय का थांबलाय ते कळू नये. मी म्हणायचो, "अरे, संध्याकाळपर्यंत एक तुटेल का तुझा?" तो हसायचा आणि आपल्याच चालीनं चालायचा. एका लॉटचे पाच तुकडे त्यानं तोडले तर पाच आकडे एका ओळीत बसल्यासारखे यायचे. माझे आकडे बाजारच्या दिवशी सुटलेल्या शेळ्यांसारखे, एक इकडं, एक तिकडं.

साहेबांच्या ते लक्षात आलं. आमचे साहेब पुण्याचे, मोजकं बोलणारे. एक दिवस रजिस्टर चाळता चाळता त्याच्या पानावर थांबले आणि म्हणाले, "छान." एवढंच. एकच शब्द. सहा वर्षांत मला तो मिळाला नव्हता. अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

आणि खरं सांगायचं तर दुखणं नुसतं आकड्यांचं नव्हतं. तो कुठल्या घरातला आहे हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही. विद्यापीठाचं नाव बदलावं म्हणून त्याच्या वस्तीतले लोक वर्षानुवर्षं मोर्चे काढत होते. आमच्या गावाकडं नामांतर म्हटलं की म्हातारे पारावरून थुंकायचे आणि पोरं काठ्या शोधायची. काही गावांत घरं पेटवली गेली होती. मी कुठं गेलो नाही, काही केलं नाही, पण पारावर बसून सगळं ऐकलं होतं आणि मान हलवली होती. तो मोर्चांना जायचा. रीतसर रजेचा अर्ज लिहून जायचा आणि कारणात खरं कारण लिहायचा. मला वाटायचं, याला भीती कशी नाही? त्याचाही हेवाच वाटायचा मला.

अशातच पुण्याच्या एका मोठ्या गाडी कंपनीनं तक्रार केली. एकाच लॉटच्या मालासोबत आलेल्या दोन सर्टिफिकेटांवर दोन वेगळे आकडे कसे? त्यांना कायमची ऑर्डर द्यायची होती, पण त्याआधी लॅबवर भरवसा पाहिजे होता. साहेबांनी आम्हाला दोघांना बोलावलं.

"माल हलतोय की मोजणारा हलतोय, एवढं शोधायचंय," साहेब म्हणाले. "तोच तुकडा दोघांना देता येत नाही. म्हणून एकाच सळईचे वीस तुकडे कापा. शेजारचे तुकडे सारखेच असतात असं धरू. प्रत्येकानं दहा तोडायचे. रोज दोन, पाच दिवस. ज्याचे आकडे स्थिर येतील तो सर्टिफिकेटवर सही करेल. लॅब त्याच्याकडे."

"आणि दुसरा?" मी विचारलं.

"करवतीवर माणूस कमी आहे," साहेब म्हणाले.

झालं! करवतीवर म्हणजे शेडमध्ये उभं राहून दिवसभर सळया कापायच्या. कानात घरघर, अंगावर तेलाचं पाणी. घरी मी सांगून ठेवलं होतं की मी लॅबचा माणूस आहे. चुलता गावभर सांगायचा, आमचा पोरगा पोलाद तपासतो. आणि आता हा वस्तीतला पोरगा सही करणार आणि मी त्याच्यासाठी सळया कापणार?

तुकडे कापायचं मी अंगावर घेतलं. "सीनियर मी आहे, मी करतो," म्हणालो. साहेब हो म्हणाले.

आता सळईचं असं असतं. भट्टीत तिचा मधला भाग सारखा तापतो, पण दाराजवळ राहिलेली टोकं नीट तापत नाहीत. उसाचं बघा ना, बुडखा गोड आणि शेंडा पाणचट, ऊस एकच. म्हणून दोन्हीकडचं हातभर टोक कापून भंगारात टाकायची पद्धत होती. टोकांना रंग मारलेला असायचा, त्यामुळं ती लांबूनही ओळखू यायची. मी त्या सळईची टोकं टाकली नाहीत. टोकांचे चार तुकडे काढले, मधले सोळा काढले, सगळे लेथवर उतरवून घेतले. लेथवर रंग गेला, खवले गेले, वीसही तुकडे एका आईची लेकरं दिसायला लागले.

मग मी दोन ढीग केले. एकात दहा मधले. दुसऱ्यात सहा मधले आणि चारही टोकांचे.

आमच्याकडं भावांच्या वाटणीत रिवाज आहे, थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे लबाडी होत नाही. मी साहेबांसमोर मोठ्या मनानं म्हणालो, "वाटे मी केलेत, तर पहिलं याला उचलू द्या." साहेबांना लई आवडलं ते.

तो म्हणाला, "नाय दादा, आधी तुम्ही घ्या."

तो असंच म्हणणार हे मला माहीत होतं. आमच्या गावात मळणीच्या दिवशी त्याच्यासारख्या घरचे लोक खळ्याच्या कडेला उभे राहायचे, सगळ्यांचं उचलून झालं की उरलेलं घ्यायचे. मी लहानपणापासून बघितलेलं होतं. मी आणखी एकदा म्हणालो, "घे रे, लाजू नको." तो परत म्हणाला, "तुम्ही." मग मी माझा ढीग उचलला.

पाच दिवस चाचणी चालली. माझ्या आयुष्यात मी एवढ्या सावकाश वॉल्व्ह कधी फिरवला नव्हता. घरून येताना मनाला बजावत यायचो, शांत राहा, जिंकलेला आहेस. माझे आकडे छान एका रांगेत यायला लागले. त्याचा पहिल्याच दिवशी एक तुकडा भलत्याच ताणाला तुटला. त्यानं काट्याकडं बघितलं. मग तुटलेलं तोंड खिडकीच्या उजेडात नेलं आणि बराच वेळ बघत राहिला. मी दुसरीकडं तोंड करून व्हर्निअर पुसत होतो. तिसऱ्या दिवशी परत तसंच.

चौथ्या दिवशी शहर बंद होतं. नामांतरावरूनच. एसटी नाही, रिक्षा नाही, रस्त्यावर टायर जळत होते, सायकल काढायची सोय नव्हती. आम्हाला आणायला कंपनीची जीप आली, पण ती सिडकोकडून आली, त्याच्या वस्तीकडं गेली नाही. तो विद्यापीठाकडून चिकलठाण्यापर्यंत चालत आला. शर्ट घामानं भिजलेला, वरची गुंडी लावलेली. त्या दिवशीच्या त्याच्या दोन तुकड्यांत एक टोकाचा निघाला, आणि पाचव्या दिवशी राहिलेला चौथा.

साहेबांना वाईट वाटलं. रजिस्टर समोर घेऊन म्हणाले, "काय झालं याला? असा नव्हता हा."

मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. जिंकलोच होतो. पण माझी जीभ! मी म्हणालो, "साहेब, मन थाऱ्यावर नसतं त्याचं. सभा, मोर्चे चालू असतात ना." साहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि रजिस्टर मिटलं. सोमवारी तो करवतीवर गेला.

मला वाटलं होतं, आता सुखाची झोप लागेल. कसलं काय! लॅबमध्ये मी एकटा, मशीन एकटं. सर्टिफिकेटवर माझी सही. आणि चार महिन्यांत माझे आकडे परत उधळले. साहेबांनी एक चांगली युक्ती काढली होती. एका लॉटच्या सळया वेगळ्या ठेवल्या होत्या, आणि दर आठवड्याला त्यातलाच एक तुकडा तोडून बघायचा, म्हणजे लॅब जागेवर आहे का सरकतेय ते कळतं. तो आकडा एका आठवड्यात वर, एका आठवड्यात खाली. साहेबांनी विचारलं, "हे काय? कारण शोधून काढा."

माझ्या डोक्यात एकच आलं. तुकडे कापून कोण देतंय? तोच. सूड घेतोय. टोकं देतोय मला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. मी तसाच तणतणत शेडमध्ये गेलो आणि चार माणसांसमोर ओरडलो, "लबाडी करतोस व्हय रे? टोकं कापून देतोस मला?"

त्यानं करवत बंद केली. घरघर थांबली. त्यानं हात पुसले आणि मला शेडच्या मागं घेऊन गेला. तिथं एक पिंप होतं, काठोकाठ भरलेलं. रंग मारलेली टोकं. त्यानं एक काढून माझ्या हातात दिलं. हातभर कापायची पद्धत, त्यानं दीड हात कापलं होतं.

"बघा दादा," तो म्हणाला. "तुमच्याकडं चुकून पण जाऊ नये म्हणून जास्तीच कापतो."

मी वीत लावून ते टोक मोजलं. तोच पुढं बोलला, हळू, शेडमधल्या माणसांना ऐकू जाऊ नये असा.

"माझ्या ढिगात चार होती. पहिलं तुटलं तेव्हाच कळलं. तोंडच वेगळं होतं त्याचं."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर हरला म्हणून रडतोय म्हणले असते. तुम्हीच पहिले म्हणला असता."

म्हणालो असतो. शंभर टक्के म्हणालो असतो.

"तुमच्यावर तर राग आहेच," तो म्हणाला. "पण माझ्यावर जास्त आहे. तुम्ही उचल म्हणालात आणि मी उचललं नाही. मोर्चात घसा फाटेपर्यंत ओरडतो, आणि इथं दोन ढीग समोर आले की तोंडातून 'आधी तुम्ही' निघतं. ही सवय मोडायचीये मला."

मी टोक पिंपात टाकलं. निघालो तर तो म्हणाला, "आकडा का हलतो ते सांगू?"

मला ऐकायचं नव्हतं. तरी थांबलो.

"चिडून आलात की तुम्ही वॉल्व्ह भसकन फिरवता. मशीन झटका देऊन ओढतं, काटा वर जातो. शांत असलात की खाली येतो. मी लॅबमध्ये होतो तेव्हा तर बहुतेक वेळा वरच असायचा. मी शेजारी उभा असायचो ना."

तो हसला नाही, डिवचलं नाही. एखाद्या मशीनचा बिघाड सांगावा तसं सांगितलं. माझ्या मनात त्याच्याबद्दल काय आहे ते मी कुणाला कधी बोललो नव्हतो, बायकोनं ओळखलं तेवढंच. आणि ह्या माणसानं ते काट्यावर वाचलं होतं, आकड्यासकट.

शेडपासून साहेबांच्या केबिनपर्यंत शंभर पावलं असतील. निम्म्या वाटेपर्यंत माझं ठरलं होतं, सगळं सांगायचं. चार टोकं, दोन ढीग, सगळं. साहेब ओरडतील, करवतीवर पाठवतील, पाठवू देत. मला हलकं पण वाटायला लागलं होतं. मग डोळ्यांसमोर आलं की तो परत माझ्या स्टुलावर बसलाय, दोन अर्धे जुळवतोय, आणि साहेब म्हणतायत, छान.

"सापडलं का कारण?" साहेबांनी विचारलं.

"करवतीवरचा माणूस बदला, साहेब," मी म्हणालो.

"टोकं देतोय की काय?"

मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. खाली बघितलं, आणि साहेबांना जे समजायचं ते समजले. दुसऱ्या दिवसापासून तो ट्रकवर माल चढवायला लागला. बाप जे करायचा तेच काम. महिनाभर केलं त्यानं. त्या महिन्यात मी खिडकीकडं पाठ करून बसायचो. मग एक दिवस राजीनामा ठेवून गेला. अर्जात त्यानं काय कारण लिहिलं होतं ते साहेबांनी मला सांगितलं नाही, पण त्यानंतर ते माझ्याशी पहिल्यासारखे बोलले नाहीत. पुढं विद्यापीठाचं नाव बदललं. त्या दिवशी शहरात गुलाल उडत होता. मी पाळी संपवून भिंतीच्या कडेकडेनं घरी गेलो, गर्दीत तो दिसेल ह्या भीतीनं.

आणि माझे आकडे? ते परत कधी हलले नाहीत. हळू फिरवायला शिकलो असं वाटेल तुम्हाला. नाही हो. वॉल्व्ह हातात आला की तो आठवायचा, हात भसकन फिरायचा, काटा भलतीकडं जायचा. मग मी तुटलेले तुकडे भंगारात टाकायचो आणि रजिस्टरला जो यायला पाहिजे तो आकडा लिहायचो. तुकडा परत तोडून कोण बघणार होतं? निवृत्त होईपर्यंत हेच केलं. पुण्याची एक तक्रार आली नाही. शेवटच्या दिवशी शाल-श्रीफळ दिलं, नव्या साहेबांनी भाषणात माझ्या स्थिर हाताचं कौतुक केलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी तिथं शाल पांघरून बसलो असताना माझ्या पोटात दुखत होतं. ज्याला मी हमालीला लावलं, त्यानं माझ्या लॅबमध्ये एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. टोकांच्या चारही तुकड्यांचे आकडे जसे आले तसे त्यानं रजिस्टरला मांडले होते, त्या आकड्यांनी आपली लॅब जाणार हे दिसत असताना.